बाबांची केमो आणि भेगाळलेले हात

प्रश्न : नमस्कार सिस्टर. माझं वय 38. नोकरीला रोज बसने जाते, जाऊन-येऊन दोन तास. तीन महिन्यांपूर्वी बाबांना कॅन्सरचं निदान झालं आणि आता दर तीन आठवड्यांनी केमो सुरू आहे. डॉक्टरांनी "इन्फेक्शनपासून जपा" एवढंच सांगितलं. तेव्हापासून बसचा दांडा, लिफ्टचं बटण, नोटा, दाराची कडी, कशालाही हात लागला की मी हात धुते. दिवसातून तीस-चाळीस वेळा तरी होतं. वीसपर्यंत मोजते आणि मधे कुणी हाक मारली तर पुन्हा पहिल्यापासून. पर्समध्ये सॅनिटायझरच्या दोन बाटल्या असतात. हातांना भेगा पडल्यात, पेरांतून रक्त येतं. संध्याकाळी घरी आल्यावर अंघोळ होईपर्यंत नऊ वर्षांच्या मुलाला जवळ येऊ देत नाही. परवा तो आजोबांना म्हणाला, "आईला मी घाण वाटतो." आता बसमध्ये हातमोजे घालायचं मनात आहे. साबण चांगला की सॅनिटायझर? अजून काय करू? माझ्यामुळे बाबांना काही झालं तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही.

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या वाक्याशी अडले, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते.

केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी होतात. बऱ्याच औषधांच्या बाबतीत डोस दिल्यानंतर साधारण 7 ते 14 दिवसांच्या दरम्यान त्या सगळ्यात खाली जातात. त्या काळात रुग्णाला जे इन्फेक्शन होतं, त्यातलं बरंचसं बाहेरून आलेलंच नसतं. आपल्या आतड्यात, तोंडात, त्वचेवर कोट्यवधी जंतू जन्मभर निमूटपणे राहत असतात. केमोने तोंडाचं आणि आतड्याचं आतलं अस्तर नाजूक होतं, पहारा करणाऱ्या पेशी कमी पडतात, आणि हेच घरचे जंतू रक्तात शिरतात. तेव्हा उद्या बाबांना ताप आला, तर तुमचे हात कुठेतरी कमी पडले असा त्याचा अर्थ काढू नका. तुमची समजूत घालायला म्हणून हे लिहीत नाही. आयुष्याची बावीस वर्षं वॉर्डात काढली, आणि पलंगाशेजारी बसून "मी त्या दिवशी बाहेर गेले नसते तर" असं म्हणणाऱ्या कितीतरी मुली, सुना, बायका पाहिल्या. हे त्यांना आधी कुणीच सांगितलेलं नसायचं.

म्हणून हातांच्या आधी थर्मामीटरचं बोलू. बाबांना 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप दिसला, की लगेच त्यांच्या केमोच्या डॉक्टरांना किंवा वॉर्डला फोन करायचा. रात्रीचे दोन वाजलेले असोत, सुट्टीचा दिवस असो. "सकाळपर्यंत वाट बघू" हे या आजारात चालत नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना तापाचं रूपांतर गंभीर आजारात काही तासांत होऊ शकतं. ताप मोजायच्या आधी किंवा डॉक्टरांना न विचारता पॅरासिटामॉल देऊ नका. आकडा खाली येईल, इन्फेक्शन मात्र आत चालूच राहील आणि तुम्ही गाफील राहाल. ताप नसला तरी हुडहुडी भरली, अचानक गळून गेले, बोलण्यात गोंधळ वाटला, तरी फोन करायचाच. तो नंबर फोनमध्ये तर असू द्याच, शिवाय मोठ्या अक्षरात कागदावर लिहून घरातल्या प्रत्येकाला दिसेल असा भिंतीला चिकटवा. तुम्ही बसमध्ये असताना घरी दुसरं कुणी असेल, त्यांनाही हे माहीत हवं. बाबांना दात घासायला मऊ ब्रश द्या आणि तोंडात फोड किंवा जखम दिसली तर डॉक्टरांच्या कानावर घाला. जंतूंना आत शिरायला ती एक मोठी वाट असते.

आता हात. हात धुणं तुम्ही मनावर घेतलंत ते योग्यच केलंत, त्यात कसूर नको. चुकतंय ते एवढंच, की तुम्ही कशाला हात लागला याचा हिशेब ठेवताय. हिशेब ठेवायचा तो हात आता कुठे जाणार आहे याचा.

बसच्या दांड्यावरचे जंतू तळहाताच्या धड कातडीतून आत जात नाहीत. त्यांना डोळे, नाक, तोंड किंवा उघडी जखम लागते. तिथपर्यंत त्यांना आपणच नेऊन पोचवतो, तेही नकळत. 2015 साली ऑस्ट्रेलियात 26 वैद्यकीय विद्यार्थ्यांचं वर्गातलं चित्रीकरण तपासलं, तर ते तासाला सरासरी 23 वेळा स्वतःच्या चेहऱ्याला हात लावत होते, आणि त्यातले 44 टक्के स्पर्श डोळे, नाक किंवा तोंडाला होते. ही शिकलेली, डॉक्टर होऊ घातलेली मुलं. म्हणून बसमधले दोन तास दांड्याला खुशाल धरा, नाहीतर पडाल. त्या दोन तासांत हात चेहऱ्याकडे जाऊ देऊ नका, म्हणजे झालं. डोळा चोळावासा वाटला तर रुमालाचं किंवा टिश्यूचं स्वच्छ टोक वापरा. केस तोंडावर येत असतील तर आधीच घट्ट बांधा. नखं खायची सवय असेल तर ती सोडण्याचा फायदा तीस वेळा हात धुण्याहून जास्त आहे.

हात केव्हा धुतले याला किती महत्त्व असतं, हे दाखवून दिलं इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी, व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात, 1847 साली. जंतूंमुळे आजार होतात हे तेव्हा वैद्यकात मानलं जात नव्हतं. तिथल्या दोन प्रसूती विभागांपैकी जिथे सुईणी काम करायच्या तिथे बाळंतिणी कमी दगावायच्या, आणि जिथे डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी काम करायचे तिथे कितीतरी जास्त. विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करून तेच हात घेऊन बाळंतिणी तपासायला यायचे. सेमेलवाइसनी मधे एक घंगाळ ठेवलं, क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्याचं. शवागारातून येणाऱ्याने वॉर्डात पाऊल टाकण्यापूर्वी त्यात हात धुवायचे. त्या एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाळंतिणी मरत होत्या. जूनपासून हे प्रमाण दोनाच्या आसपास आलं. दिवसातून किती वेळा हात धुवायचे हे त्यांनी सांगितलं नव्हतं. कुठून कुठे जाताना धुवायचे एवढं सांगितलं होतं. 2009 साली जागतिक आरोग्य संघटनेने आम्हा नर्स-डॉक्टरांसाठी हात धुण्याचे पाच क्षण ठरवून दिले, तेही सगळे 'आधी' आणि 'नंतर'चेच आहेत.

तुमच्या दिवसाला हेच लावून बघा. ऑफिसात पोचल्यावर एकदा. जेवण्याआधी. शौचालयातून आल्यावर, दर वेळी, न चुकता. शिंकल्यावर, नाक साफ केल्यावर. घरी आल्यावर सगळ्यात आधी. स्वयंपाकाला लागण्यापूर्वी. बाबांना औषध देताना, जेवण वाढताना, त्यांच्या सलाइनच्या नळीला किंवा पट्टीला हात लावण्याच्या आधी आणि नंतरही. कचरा काढल्यावर. असे मोजले तर दहा-बारा होतात, आणि ते पुरेसे आहेत. बटण, कडी, नोटा, दांडा हे मधले सगळे एका धुण्यात येतात. प्रत्येकाचं वेगळं धुणं लागत नाही.

कसे धुवायचे, याबद्दल माझाच एक अनुभव सांगते. एकदा आमच्या वॉर्डातल्या सगळ्या स्टाफचं प्रशिक्षण होतं. हातांना चोळायला एक क्रीम दिलं. एरवी ते दिसत नाही, पण अतिनील दिव्याखाली चमकतं. ते चोळून, नेहमीसारखे हात धुवून यायचं आणि एका काळ्या खोक्यात दिव्याखाली हात धरायचे. मला तेव्हा नोकरीत अकरा वर्षं झाली होती. दिवसभर हात धुण्याचंच काम. खोक्यात हात घातले तर तळवे काळे, स्वच्छ. पण उजवा अंगठा बुडापासून टोकापर्यंत निळसर चमकत होता, नखांच्या कडेने बारीक रेघा होत्या, आणि अंगठी सरकवली तर खाली आख्खं कडं उमटलेलं. माझ्या मागच्या सगळ्यांचं थोड्याफार फरकाने असंच निघालं. त्या दिवसानंतर मी अंगठी घालून ड्यूटीवर गेले नाही.

तेव्हा नळाखाली आधी हात ओले करा, साबण लावा, आणि तळव्यांवर वेळ घालवण्याऐवजी जिथे फेस पोचत नाही तिथे तो न्या. प्रत्येक अंगठा दुसऱ्या मुठीत धरून पिळल्यासारखा फिरवा. बोटांची टोकं विरुद्ध तळव्यावर घासा, म्हणजे नखांखाली साबण जाईल. हातांच्या पाठी, बोटांच्या बेचक्या. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा उजवा हातच जास्त राहून जातो, कारण त्याला धुवायचं काम डाव्याकडे असतं. घासायला वीस सेकंद पुरतात. पाणी गार असलं तरी चालतं. जंतू मारण्याइतकं गरम पाणी हाताला सोसणारच नाही, उलट गरम पाण्याने त्वचा आणखी कोरडी होते. आणि हात नीट कोरडे करा, कारण ओल्या हातांना जंतू पटकन चिकटतात आणि ओल्या हातांवरून पटकन दुसरीकडे जातात. सार्वजनिक शौचालयात हात पुसलेला कागद लगेच टाकू नका. त्याच कागदाने नळ बंद करा, दाराची कडी उघडा, मग टाका. फोन मात्र आत नेऊन बेसिनच्या काठावर ठेवायचा नाही. हात स्वच्छ धुवून तोच फोन उचलला तर धुणं वाया गेलं. घरी आल्यावर तो एकदा पुसून घ्या: 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पुसायचा कागद चालतो, फोनवर थेट फवारा मारू नका.

साबण की सॅनिटायझर, याचं उत्तर कामावर अवलंबून आहे. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. त्यामुळे तेलकट मळासकट जंतू त्वचेवरून सुटतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. फ्लू आणि कोविडच्या विषाणूंना तर चरबीचंच वेष्टन असतं, ते साबणाने फाटतं. सॅनिटायझर जंतूंना जागच्या जागी मारतो, पण काही उचलून नेत नाही. म्हणून हात मळलेले, तेलकट, घामाने चिकट असतील तर तो नीट काम करत नाही. उलट्या-जुलाबाची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर त्याचा प्रभाव कमी पडतो, आणि प्रतिजैविकं घेतलेल्या रुग्णांना जुलाब लावणाऱ्या सी. डिफिसाइल या जिवाणूचे बीजाणू तर त्याला दादच देत नाहीत. बाबांना प्रतिजैविकं चालू असताना जुलाब सुरू झाले तर घरात सगळ्यांनी साबण-पाणीच वापरायचं, आणि डॉक्टरांना कळवायचं. शौचालयानंतर आणि जेवणाआधी साबण. बसमध्ये, रांगेत, जिथे नळ नाही तिथे सॅनिटायझर. त्यात किमान 60 टक्के अल्कोहोल आहे ना, ते बाटलीवर वाचून घ्या. जास्त म्हणजे चांगलं असंही नाही. निव्वळ अल्कोहोलपेक्षा पाणी मिसळलेलं सरस ठरतं, कारण जंतूंची प्रथिनं मोडायला पाणी लागतं. भरपूर घ्या, अंगठ्यांसकट चोळा, आपोआप वाळू द्या, कपड्याला पुसू नका. वाळल्याशिवाय गॅसजवळ जाऊ नका. बाटली मुलाच्या हाताशी ठेवू नका, पोटात गेलं तर ते विष आहे.

'जंतुनाशक' लिहिलेल्या महाग साबणामागे धावू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 साली ट्रायक्लोसानसह 19 घटक अशा साबणांतून काढायला लावले, कारण साध्या साबणापेक्षा ते सरस आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नाही.

हातमोज्यांचा विचार सोडून द्या, अशी माझी विनंती आहे. मोज्याला दांड्यावरचे जंतू तसेच लागतात, आणि मोजा घातलेला माणूस त्याच मोज्याने फोन धरतो, पर्स उघडतो, नाक खाजवतो, कारण त्याला आपण सुरक्षित आहोत असं वाटत असतं. आत घाम साचून भेगा आणखी चिघळतात. आम्ही वॉर्डातही मोजे काढल्यावर हात धुतोच.

आणि या भेगांचं बघायलाच हवं. फुटलेल्या, सोललेल्या त्वचेवर जंतूंची संख्या वाढते आणि धुऊन ते निघत नाहीत. वारंवार हात धुवून त्वचारोग झालेल्या परिचारिकांच्या हातांवर जास्त जंतू आढळतात, हे आमच्या व्यवसायात जुनं ठाऊक असलेलं सत्य आहे. म्हणजे बाबांसाठी चाललेली ही धडपडच त्यांच्या आड येतेय. आजपासून प्रत्येक धुण्यानंतर हात टिपून घ्या, रगडून पुसू नका. ते किंचित ओलसर असतानाच सुगंध नसलेलं घट्ट मलम लावा, साधी पेट्रोलियम जेलीही चालेल. रात्री जाड थर लावून सुती मोजे घालून झोपा. तुम्हाला मोजे घालायचेच असतील तर ते इथे घाला. हातावर मळ नसेल तेव्हा साबणाऐवजी चांगला सॅनिटायझर वापरल्याने त्वचा कमी कोरडी पडते, फक्त भेगा भरेपर्यंत तो झोंबेल. रक्त येणाऱ्या भेगा आठवडाभरात भरल्या नाहीत, पू किंवा सूज दिसली, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि तोवर बाबांची पट्टी दुसऱ्या कुणाला तरी बदलू द्या.

तुमच्या पत्रात हवेचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते गर्दीच्या बसमध्ये खरी जोखीम तिथे आहे. कोविडच्या बाबतीत 2021 साली अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने म्हटलं, की दूषित वस्तूला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारण 10,000 मध्ये 1 पेक्षाही कमी असते. तो पसरतो मुख्यतः श्वासावाटे. फ्लूही बराचसा तसाच. साधी सर्दी, डोळे येणं, जुलाब यांत हातांचा वाटा मोठा, म्हणून हात सोडायचे नाहीतच. पण खिडकीजवळची जागा मिळाली तर घ्या, खिडकी उघडा, आणि गर्दीत नाकावर घट्ट बसणारा एन-95 मास्क लावा. कुणी खोकत असेल तर जागा बदलायला संकोच करू नका. घरातल्या सगळ्यांना फ्लूची लस द्यायची का आणि कोणती, हे बाबांच्या डॉक्टरांना विचारा. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्याला "बाबा बरे झाले की नक्की या" असं स्पष्ट सांगा. तुम्हालाच सर्दी झाली तर घरातही मास्क लावा आणि बाबांच्या जवळ बसायचं काम थोडे दिवस दुसऱ्यावर सोपवा. मुलाच्या वर्गात कांजिण्या किंवा गोवर आला आणि तो बाबांच्या सहवासात असेल, तर बाबांना काही लक्षण दिसण्याची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

आता ती मोजणी. मधे कुणी हाक मारली तर पुन्हा पहिल्यापासून, असं तुम्ही लिहिलंत. ताई, बारा सेकंदांवर कुणी बोलावलं तर उरलेली आठ सेकंदं घासा आणि बाहेर या. आधीची बारा कुठे जात नाहीत. ही गोष्ट तुम्हाला पटली आणि करता आली, तर चिंता नाही. पण पटूनही करता येत नसेल, हात स्वच्छ आहेत हे दिसत असूनही धुतल्याशिवाय चैन पडत नसेल, दिवसातला तासभर किंवा त्याहून जास्त वेळ यातच जात असेल, तर ते स्वच्छतेचं काम राहिलेलं नाही. त्याला मंत्रचळ म्हणतात, वैद्यकीय भाषेत ओसीडी. घरात मोठं आजारपण आलं की ते वाढताना मी पाहिलंय. त्यावर चांगले उपचार आहेत: भीती वाटणारी वस्तू थोडी थोडी हाताळायची आणि धुण्याची ऊर्मी ओसरेपर्यंत थांबायचं, हे मानसोपचारतज्ज्ञ पायरीपायरीने शिकवतात. गरज पडली तर औषधंही आहेत. बाबांच्या केमोच्या धावपळीत स्वतःसाठी वेळ मागायला तुम्हाला जड जाईल, हे कळतं. तरीही पुढच्या पंधरा दिवसांत बदल झाला नाही तर जाच. मला पुन्हा लिहिलंत तरी चालेल.

राहिला तुमचा मुलगा. बसमधून आल्यावर अंघोळ होईपर्यंत त्याला दूर ठेवायची काहीच गरज नाही. कपड्यांवरून बाबांना इन्फेक्शन जाण्याची भीती फार थोडी. मनाला बरं वाटत असेल तर बाहेरचे कपडे बदला, तेवढंच. शाळेतून तोही जंतू आणतोच, त्यामुळे हात त्यालाही धुवायचेच आहेत. मग दोघांनी एकाच नळावर धुवा. त्याला त्या काळ्या खोक्याची आणि चमकणाऱ्या अंगठ्याची गोष्ट सांगा, आणि तुमचे अंगठे तपासायचं काम त्याच्याकडे द्या. नऊ वर्षांची मुलं असली कामं फार मनापासून करतात, तो तुम्हाला एकही बेचकी सोडू देणार नाही. हात पुसून झाले की तिथेच, बाथरूमच्या दारातच, त्याला जवळ घ्या. मग दोघं मिळून आजोबांकडे जा.